शकट, शकटी आणि शेगडी

जबलपूर, सागर, नरसिंहपूर या बाजूस पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यात स्वयंपाकघरातील एका वस्तूचे नाव ‘सिगडी’ असे ऐकू येते. पुण्यामुंबईकडचा पाहुणा हा उच्चार ऐकून किंचित हसतो आणि हिंदीच्या सहवासाने मराठी बिघडल्याचे एक उदाहरण म्हणून तो मनाशी नोंदवून ठेवतो. बृहन्महाराष्ट्रातील मराठीविषयी असा निकाल देणे फार सोपे झाले आहे. मूळ मराठी ती महाराष्ट्रातली आणि बाहेर जे काही बोलले जाते तो तिचा अपभ्रंश, हे गृहीत धरले की प्रत्येक वेगळा उच्चार आपोआप दोष ठरतो. परंतु ‘सिगडी’ आणि ‘शेगडी’ यांच्या पूर्वजाचा शोध घेऊ लागल्यास जे हाती येते ते या गृहीताला अनुकूल नाही. तो पूर्वज म्हणजे गाडीवाचक जुना शब्द ‘शकट’ होय.

गाडीच्या नावाची शेगडी कशी झाली हे पाहण्यापूर्वी मूळ शब्दाचा विचार केला पाहिजे. वैदिक वाङ्मयात ओझ्याच्या गाडीला ‘अनस्’ आणि युद्धाच्या किंवा शर्यतीच्या वाहनाला ‘रथ’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ऋग्वेदात सर्वत्र वावरणारे शब्द हेच. ‘शकटी’ मात्र दहाव्या मंडलातील अरण्यानीच्या सूक्तात भेटते. संध्याकाळी रानात जे नाना आवाज उठतात त्यांत कुरकुरणाऱ्या गाडीचा भास होतो, असे तेथील ऋषी म्हणतो. म्हणजे या शब्दाचा अगदी आरंभीचा उल्लेख दृष्टीशी निगडित नसून श्रवणाशी निगडित आहे. सूर्याच्या विवाहसूक्तात वधूला नेणारे वाहन ‘अनस्’ आहे, इंद्र विपाशेच्या तीरी उषेची मोडतो तीही ‘अनस्’च. शकटी या मानाच्या प्रसंगांत नाही. ती रानाच्या कडेला, अंधार पडताना, नुसती ऐकू येते.

पुढे ‘अनस्’ मागे पडला आणि ‘शकट’ रूढ झाला. अमरसिंहाने दोन्ही एकत्र दिले आहेत. अर्थशास्त्रकार आणि स्मृतिकार शकटाच्या आकाराचा व्यूह सांगतात, जयद्रथवधाच्या दिवशी द्रोण तो रचतो, ज्योतिषी रोहिणीच्या तारकांच्या आकृतीस शकट म्हणतात आणि शनी किंवा मंगळ ती भेदून जाईल काय याची चिंता करतात. गोकुळात बाळकृष्णाने लाथेने उलथविलेला शकट हरिवंशात साधी गाडीच आहे. त्याचा असुर पुढच्या भाविकांनी केला. एवढा सर्वसंचारी शब्द असूनही त्याची व्युत्पत्ती सांगताना आपल्या प्राचीनांची जी धांदल उडाली ती पाहण्यासारखी आहे. यास्क एकाच दमात तीन पर्याय देतो: शेणाने माखलेले ते शकट, किंवा हळूहळू चालते ते शकट, किंवा आवाज करीत जाते ते शकट. व्युत्पत्ती म्हणून तिन्ही लंगड्या आहेत, परंतु वर्णन म्हणून तिन्ही खऱ्या आहेत. बैलगाडीच्या मागून एकदा तरी चाललेल्या माणसानेच ही वाक्ये लिहिली असावीत. त्याच सहाव्या अध्यायात दुष्काळात तग धरण्याचे नऊ मार्ग सांगणारा श्लोक येतो आणि त्या नवांत पहिले नाव शकटाचे आहे, शेवटचे राजाचे.

उणादिसूत्रांनी ‘शक्’ या धातूला ‘अटन्’ प्रत्यय लावून प्रश्न मिटविला. जे ओझे वाहू शकते ते शकट. उणादिसूत्रे परंपरेने शाकटायनाच्या नावावर आहेत. सर्व नामे धातूंपासून निघाली, असा पक्ष मांडणारा वैयाकरण तो हाच, आणि शाकटायन म्हणजे शकटाचा वंशज! तेव्हा त्याच्या पक्षाने त्याच्या पूर्वजाच्या नावालाही धातू शोधून दिला यात नवल नाही. पतंजलीने महाभाष्यात या शाकटायनाची एक आठवण सांगितली आहे. तो रस्त्याच्या कडेला बसला होता आणि समोरून गाड्यांचा तांडा निघून गेला, पण त्याला तो दिसला नाही. पतंजलीला येथे परोक्ष भूतकाळाचे उदाहरण हवे होते. जागा माणूससुद्धा मन दुसरीकडे असल्यास समोरची गोष्ट पाहत नाही, एवढेच त्याला म्हणायचे होते. त्यात थट्टा असेल वा नसेल, परंतु व्युत्पत्तिशास्त्राच्या अभ्यासकाने ती आठवण जवळ बाळगावी. शब्दाचे मूळ धातुपाठात शोधीत असताना शब्द ज्या रस्त्याने गेला तो रस्ताच डोळ्यांआड होतो, असे पुष्कळदा घडते. ‘शकट’ला संस्कृत धातूंत समाधानकारक मूळ नाही म्हणून काही आधुनिक अभ्यासक आर्येतर भाषांकडे वळले. जबलपूरच्या भोवती गोंडी आणि सातपुड्यात कोरकू बोलली जात असल्यामुळे हा मार्ग येथे विशेष मोहक वाटतो; तथापि केवळ शेजार हा पुरावा नव्हे.

तेव्हा मूळ बाजूला ठेवून वाट पाहावी. ‘शकट’चा प्राकृतात काय विकार होतो? वररुचीने आणि हेमचंद्राने यासाठी खास सूत्र केले आहे. सटा, शकट आणि कैटभ या शब्दांत ‘ट’चा ‘ढ’ होतो. मधला ‘क’ तर महाराष्ट्री प्राकृतात लोपतोच. म्हणून रूप होते ‘सअढ’ किंवा यश्रुतीने ‘सयढ’. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त सहाव्या अंकात चारुदत्ताचा मुलगा रोहसेन मातीची गाडी नको, सोन्याची हवी म्हणून रडतो. त्या गाडीला तेथील प्राकृतात ‘सअडिआ’ म्हटले आहे. त्याच अंकात खेड्यांतून आलेल्या गाड्यांनी रस्ता अडतो, तेथेही बहुवचनी शब्द त्याच घराण्यातला आहे, आणि तेथेही ‘क’चा मागमूस नाही. वसंतसेना बसते त्या वाहनाला मात्र नाटककार ‘प्रवहण’ म्हणतो; शकट हे नाव खेडवळ गाड्यांना आणि मुलाच्या खेळण्याला.

मराठी ही महाराष्ट्री प्राकृताची वारस होय, हा सिद्धांत झ्यूल ब्लॉक यांच्या १९२० च्या ग्रंथापासून सामान्यतः मान्य झालेला आहे. त्या हिशेबाने मराठीत ‘शकटिका’चे काही ‘सयडी’सारखे रूप उरावयास हवे होते. तसे ते नाही. उरली आहे ती ‘शेगडी’, आणि तिच्यात ‘ग’ ठणठणीत उभा आहे.

येथे वाचक विचारील की शेगडीचा गाडीशी संबंध कशावरून? उत्तर अमरकोशात आहे. निखारे ठेवण्याच्या पात्राची जी नावे तेथे दिली आहेत त्यांत ‘अंगारधानिका’, ‘हसन्ती’ यांच्या जोडीने ‘अंगारशकटी’ हे नाव आहे. अंगारशकटी म्हणजे निखाऱ्यांची लहान गाडी. चूल जमिनीला जखडलेली असते, तर हे पात्र उचलून या खोलीतून त्या खोलीत नेता येते. वाहून नेण्याची क्रिया हाच दोहोंतील समान धर्म. पुढे पूर्वपद गळाले. विशेषण गळून विशेष्यानेच सर्व अर्थ उचलावा, ही भाषेची नेहमीची काटकसर आहे. आज आपण ‘आगगाडी’ला नुसती ‘गाडी’ म्हणतो तेव्हा तेच करतो. आणि ‘आगगाडी’ हा शब्द उलट संस्कृतात नेऊन पाहिला तर काय दिसते? आग आणि गाडी, अंगार आणि शकटी! एकोणिसाव्या शतकातील मराठी माणसाने लोखंडी रुळांवरील नव्या यंत्रासाठी जो समास घडविला तो घटकांच्या दृष्टीने अमरसिंहाच्या काळीच होऊन गेला होता, फक्त तो हात शेकण्यासाठी होता. अलाहाबादकडून येणारा लोहमार्ग जबलपुरास १८६७ मध्ये पोचला आणि मुंबईकडून येणारा १८७० मध्ये त्यास येऊन मिळाला. तोपर्यंत नागपूरकडचा माल जबलपुरावरून मिर्झापूरकडे जात होता तो बैलगाड्यांनी.

हा रस्ता प्रस्तुत प्रश्नाला अगदीच परका नाही. त्याच दिशेने पुढे सतना जिल्ह्यात भरहुत आहे. तेथील स्तूपावर जेतवनाच्या खरेदीचा देखावा कोरलेला आहे: अनाथपिंडिकाने सोन्याची नाणी गाडीतून आणली आहेत, बैल सोडलेले आहेत, माणसे नाणी जमिनीवर पसरीत आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ही गाडी पाहणाऱ्याला आजही ओळखीची वाटते. व्यापाऱ्यांच्या कथांत पाचशे गाड्यांचा तांडा हा जणू ठरलेला आकडा आहे. पाली जातकांत तो ‘सकट’ या रूपाने येतो आणि जैनांच्या अर्धमागधी ग्रंथांत ‘सगड’ या रूपाने. ‘उवासगदसाओ’तील आनंद गृहपती परिग्रहाची मर्यादा घालून घेतो तेव्हा दूरच्या वाटेसाठी पाचशे सगड आणि घरच्या वाहतुकीसाठी पाचशे सगड एवढे ठेवतो. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा धंद्यांची यादीही त्याच अध्ययनात आहे. त्यात पहिला ‘इंगालकम्म’ म्हणजे कोळशाचा धंदा, तिसरा ‘साडीकम्म’ म्हणजे गाड्यांचा धंदा आणि चौथा ‘भाडीकम्म’, ज्यात आपले ‘भाडे’ स्पष्ट दिसते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की एकाच ग्रंथात ‘सगड’ही आहे आणि ‘क’ लोपून आकुंचित झालेले ‘साडी’ही आहे. म्हणजे दोन्ही उच्चार एकाच समाजात शेजारी शेजारी नांदत होते.

मराठीतील ‘शेगडी’ या ‘सगड’च्या कुळातील आहे, ‘सअढ’च्या नव्हे. हा एकटा अपवाद असता तर सोडून देता आला असता. परंतु ‘सकल’पासून झालेला ‘सगळा’ पाहावा. महाराष्ट्रीत त्याचे ‘सअल’ होते, मराठीत मात्र ‘ग’ टिकला. ‘बक’पासून ‘बगळा’, ‘मकर’पासून ‘मगर’. या शब्दांना अर्धतत्सम म्हणून, म्हणजे शिकलेल्यांच्या तोंडून मागाहून आलेले म्हणून, बाजूस सारण्याची पद्धत आहे. ‘प्रगट’विषयी ते पटेल. पण तळ्याकाठचा बगळा आणि स्वयंपाकघरातली शेगडी कोणत्या पाठशाळेतून आली? कथापुराणिकाच्या मुखातून शेगडी आली असे कोणी म्हणणार नाही. ती बाजाराच्या भाषेतून आली, जिच्यात माल वाहणारे, भाड्याने गाड्या देणारे आणि हिशेब लिहिणारे लोक बोलत. गुजरातीतही ती ‘सगडी’ म्हणून आहे, याचा अर्थ याच दिशेने लावला पाहिजे.

जबलपूरपासून भेडाघाटच्या वाटेवर तेवर नावाचे गाव आहे. कलचुरींची त्रिपुरी ती हीच. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखर येथे युवराजदेवाच्या आश्रयास होता आणि ‘विद्धशालभंजिका’ येथल्या दरबारासाठी लिहिली गेली. महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून ज्याची ख्याती होती त्या अकालजलदाचा हा पणतू, आणि अथपासून इतिपर्यंत प्राकृतात असलेल्या ‘कर्पूरमंजरी’चा कर्ता. त्याचे प्राकृत हे नाटकांचे घोटीव प्राकृत होते. त्यात मधली व्यंजने पाण्यात मीठ विरघळावे तशी विरघळतात. त्याच्या नाट्यगृहात गाडीचा उल्लेख आला असता तर तो ‘सअड’ असा झाला असता. वेशीबाहेर नर्मदेच्या उतारावर बैल सोडून बसलेले गाडीवान तो शब्द तसाच उच्चारीत असतील असे मानणे कठीण आहे. मराठीच्या इतिहासाचे साधन म्हणून आपण बहुतेक नाट्यगृहातले प्राकृत वापरीत आलो, आणि त्यामुळे ‘सगळा’, ‘शेगडी’ यांसारख्या रोजच्या शब्दांना अपवाद म्हणण्याची पाळी आली. मराठीच्या घडणीत महाराष्ट्रीचा वाटा मुख्य आहे याविषयी वाद नाही. मात्र रस्त्यावरच्या प्राकृताचा वाटा मानला जातो त्याहून मोठा असावा.

आता स्वरांचा प्रश्न. ‘सगडी’ची मराठीत ‘शेगडी’ का झाली? आरंभीचा ‘श’ पाहून तो संस्कृतातील ‘शकटी’चा ‘श’ टिकला आहे असे वाटते, पण ते खरे नाही. प्राकृतात त्याचा ‘स’ झालेलाच होता. मराठीत इ-ए या स्वरांपूर्वी ‘स’चा पुन्हा ‘श’ होतो: सिंदूर–शेंदूर, सीव्यति–शिवणे, सिध्यति–शिजणे. तेव्हा ‘श’ हा ‘ए’चा परिणाम आहे, कोडे आहे ते ‘ए’चे. येथे ‘शेकणे’ या क्रियापदाची ओढ लागली असावी असा तर्क करता येतो. जिच्यापाशी शेकायचे ती शेगडी, असा संबंध बोलणाऱ्याच्या मनात सहज जुळतो आणि जुळला की उच्चार त्याच्याकडे कलतो. हिंदीत ‘सेंकना’ आणि ‘सिंकना’ यांच्या शेजारी ‘सिगड़ी’ आहे, तीही या तर्काला पोषक. गुजरातीत मात्र ‘शेकवुं’ असूनही ‘सगडी’ अचल राहिली. हा विरुद्ध पुरावा झाकून ठेवण्याचे कारण नाही. तर्क तर्कच राहील.

या सर्वांच्या प्रकाशात जबलपूरच्या ‘सिगडी’कडे पाहिले म्हणजे तिचे स्थान बदलते. उत्तरेकडे गंगेच्या खोऱ्यात याच वस्तूला ‘अँगीठी’ म्हणतात. तो ‘अग्निष्ठिका’चा वंशज, निराळ्याच घराण्यातला. नर्मदेच्या भागात मात्र हिंदी बोलणारेही ‘सिगड़ी’ म्हणतात. म्हणजे ‘शकटी’च्या वंशाची वस्ती गुजरातपासून महाराष्ट्रातून महाकोशलापर्यंत सलग पसरलेली आहे आणि जबलपूर तिच्या उत्तर सीमेजवळ आहे. आता दोनच शक्यता उरतात. एक, ‘सिगडी’ आणि ‘शेगडी’ या एकाच ‘सगडी’च्या दोन मुली आहेत, मग एकीला दुसरीचा अपभ्रंश म्हणता येत नाही. दुसरी, सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये गढा-मंडला घेतले, १७९८ मध्ये तो मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या हाती पडला, त्या काळात मराठी घरांतून हा शब्द येथील हिंदीत शिरला असावा. तसे असेल तर हिंदीने मराठी बिघडविल्याच्या तक्रारीचा हा पुरावा नेमका उलटा पडतो. पहिली शक्यता अधिक बळकट दिसते, कारण गुजरातीची साक्ष तिच्या बाजूने आहे. पाहुण्याच्या हसण्याला आधार मात्र दोन्हींत नाही.

‘शकट’चा दुसरा एक वंशज या भागात प्रत्यक्ष गाडीच्या अर्थाने राहिला आहे, तो ‘छकडा’. आरंभीच्या श-स यांचा ‘छ’ होण्याचा विकार प्राकृत व्याकरणकारांना ठाऊक होता. षट्, शमी, शाव, सुधा यांच्याविषयी हेमचंद्र तसे सांगतो. ‘शाव’चा ‘छावा’ मराठीत सर्वांच्या तोंडी आहे. महाकोशलात घरे सारवण्याच्या पांढऱ्या मातीला ‘छुई’ म्हणतात, तीत ‘सुधा’ म्हणजे चुना दडलेला आहे असे मानण्यास प्रत्यवाय दिसत नाही. परंतु हिंदीतला ‘छकड़ा’ ओझ्याची अवजड, खडखडती गाडी, तर मराठीतला ‘छकडा’ हलकी, चपळ, शर्यतीतही धावणारी. सौराष्ट्रात ‘छकडो’ ही तीन चाकांची मोटार झाली आहे. एकच नाव घेऊन तीन प्रांत तीन वेगांनी चालले आहेत.

‘शकट’ला सामान्य अर्थातून हुसकावून लावणारा शब्द ‘गाडी’ होय. हेमचंद्राच्या ‘देशीनाममाले’त ‘गड्डी’ आहे, म्हणजे बाराव्या शतकातील त्या पंडिताला तो संस्कृतापासून सिद्ध करता येईना. आश्चर्य असे की गाडीचे अवयव मराठीत अद्याप जुन्या नावांनीच ओळखले जातात: आख म्हणजे अक्ष, जू म्हणजे युग, चाक म्हणजे चक्र, आरा म्हणजे अर. सुतार एकेक भाग वेदकाळच्या शब्दाने घडवितो आणि जोडून झालेल्या वस्तूला देशी नाव देतो. जुन्या सरकारी लेखांतील ‘तोफेचा गाडा’ याच देशी घराण्यातला. जबलपुरात १९०४ मध्ये जो कारखाना निघाला तो अशा गाड्यांचाच. पुढे येथेच लष्करासाठी ‘जोंगा’ नावाची मोटार बनू लागली. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या नावाची आद्याक्षरे जुळवून तो शब्द केलेला आहे. वाहनाच्या नावांत ज्याचा जन्म इतका स्पष्ट कळतो असा शब्द विरळा, परंतु १९९९ मध्ये ती मोटार बनणे थांबले आणि शब्दही जुन्या गाड्यांच्या शौकिनांपुरता उरला.

राहिला अनुवादकाचा प्रश्न. गोविंद बल्लाळ देवलांनी शूद्रकाचे नाटक मराठी रंगभूमीवर आणले तेव्हा नाव ‘मृच्छकटिक’ असेच ठेवले. हबीब तन्वीर यांनी १९५८ मध्ये छत्तीसगढी नट घेऊन तेच नाटक ‘मिट्टी की गाड़ी’ या नावाने केले. मराठीत ‘मातीची गाडी’ म्हटल्यास अर्थ चुकत नाही. पण ज्या प्रेक्षकाच्या घरी मातीची शेगडी होती त्याच्या घरी ‘मृत्’ आणि ‘शकटिका’ हे दोन्ही शब्द, एक अर्थाने आणि दुसरा रूपाने, रोज निखारे वाहत होते आणि नाटकाच्या जाहिरातीवरील जोडाक्षर वाचताना ते त्याच्या ध्यानी येण्याचे काही कारण नव्हते. मातीची शेगडी आता बहुतेक घरांतून गेली, कोळशाची लोखंडी शेगडीही गेली. नळीतून येणाऱ्या वायूवर पेटणाऱ्या आणि ओट्यावरून न हलणाऱ्या उपकरणाला मराठीत अजून ‘गॅसची शेगडी’च म्हणतात.